कोरी. वापरू नये.

३ फेब्रुवारी, सोमवार

‘आत कोणी नाही’ची मूळ टेप आज माझ्या टेबलावर आली. पुठ्ठ्याचा खोका, कोपरे झिजलेले, पाठीवर बाबांचं अक्षर. ध्वनिमुद्रणाची तारीख, टेपचा वेग आणि खाली ध्वनिमुद्रक म्हणून सही. सही अशी की बँकेनं दोनदा परत पाठवावी.

गाण्याला पन्नास वर्षं होतायत म्हणून कंपनी ते नव्यानं काढतेय. आमचे साहेब माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहेत, म्हणून मला ताई म्हणतात. टेप स्वच्छ करायची आणि सोबतच्या पुस्तिकेसाठी गाण्याच्या अर्थावर तीन पानं लिहायची, असं त्यांनी सांगितलं. कॉलेजात तुम्ही यावरच बक्षीस मिळवलंय ना, असंही म्हणाले. हे त्यांना कुणी सांगितलं? मीच सांगितलं असणार, कधीतरी चहा पिताना, फुशारकीनं.

गाणं सगळ्यांना पाठ आहे. करवतीसारखी गिटार, आणि गायकाचा तो घसा फाटत चाललेला आवाज:

भोंगा झाला, आत कोणी नाही
यादी पाहिली, आत कोणी नाही
पाणी सोडा, पाणी सोडा
आत कोणी नाही

मग सत्तावीस सेकंद शब्दच नाहीत. नुसता ड्रम. तीन ठोके, थांबा, दोन ठोके. कार्यक्रमात लोक ते ठोके खुर्चीच्या पाठीवर वाजवतात. मग शेवटचं कडवं.

डोंगराखालच्या पाण्याच्या बोगद्यावरचं गाणं आहे हे. पाणी सोडण्याआधी कर्ण्यावरून घोषणा झाली होती, ‘आत कोणी नाही’. सफाईची टोळी आत होती असं काही लोक म्हणाले. चौकशी झाली आणि अहवाल आला: आत कोणी नव्हतं. आता हे कुणाच्या लक्षात आहे? घराला अलार्म बसवा म्हणणाऱ्या जाहिरातीत हीच धून वाजते. पाठ्यपुस्तकात ते ‘माणसाच्या अंतरातल्या पोकळीचं गाणं’ झालंय. आणि मी विसाव्या वर्षी त्या सत्तावीस सेकंदांवर निबंध लिहिला, ‘मौन हाच नकार’. पहिलं बक्षीस. बाबांना वाचायला दिला. त्यांनी उभ्याउभ्याच वाचला, होती तशी घडी घातली आणि परत दिला. माझ्या पत्रांतल्यासुद्धा शुद्धलेखनाच्या चुका काढणारा माणूस, त्यात एकही काढली नाही. मला तेव्हा ते कौतुक वाटलं होतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

बाबांना सांगितलं की तुमची टेप माझ्याकडे आलीय. हे सांगायला मी दोन दिवस का घेतले, कळत नाही.

झटक्यानंतर त्यांचा उजवा हात गेला आणि शब्द अडकायला लागले. दिवसातून चार-पाच शब्द येतात, तेही कधी भलतेच. दिवसभर त्यांना सांभाळायला येणाऱ्या मावशी म्हणतात, “तुमच्या बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं भरून ठेवलं, आता स्वतःचं ठेवायला जागा उरली नाही.” बाबा यावर हसतात. आज हसले नाहीत. टेपचं नाव काढल्यावर चमचा ताटात ठेवला आणि पुन्हा उचलला नाही.

मावशींनी विचारलं की त्यांना दुसरं कुणी जवळचं माणूस नाही का, भेटून बरं वाटेल असं. एक धाकटी बहीण होती, मी म्हटलं. माझी आत्या. माझ्या जन्माआधीच ती कामासाठी लांब कुठेतरी गेली आणि तिनं पत्रही टाकलं नाही. तिचा विषय काढला की बाबा खोलीतून उठून जायचे. तशा त्यांच्या विचित्र सवयी कितीतरी आहेत. पन्नास वर्षांत घर बदललं नाही. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसताना आईनं किती विनवण्या केल्या. घरचा फोन नंबरही तोच. मोबाइल आला तरी तो फोन काढू दिला नाही, त्यावर आता फक्त चुकीचे नंबर येतात. हट्टी माणसाला कारण लागत नाही, असं आई म्हणायची.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

जुन्या टेपचा लेप चिकट होतो, म्हणून आधी तिला आठ तास मंद भट्टीत भाजावं लागतं. काल भाजली, आज लावली.

आठ पट्ट्या आहेत, म्हणजे आठ आवाज वेगवेगळे ऐकता येतात. ड्रम, गिटार, गायक वगैरे सात पट्ट्या नीट आहेत. आठवी पट्टी अख्ख्या गाण्यात रिकामी आहे. रिकामी म्हणजे तिच्यावर टेपची स्वतःची बारीक सूसू ऐकू येते. पण त्या विरामाशी एक टिच्चकन आवाज होतो आणि सूसू एकदम खाली जाते. चौतीस सेकंदांनी दुसरा टिच्च होतो आणि सूसू परत येते. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. तिथे काहीतरी होतं आणि ते मुद्दाम पुसलंय.

विराम सत्तावीस सेकंदांचा, पुसलेला भाग चौतीस. सात सेकंद जास्त.

आणखी एक गोष्ट आहे, आणि तीही लिहून ठेवते. पहिल्या टिच्चच्या पावणेदोन सेकंद आधी, सूसूच्या तळाशी, कुणीतरी बोलतं. बाईचा आवाज आहे. एकच शब्द कळतो: “बिल्ला”.

या गाण्यात बाई नाही. बँडमध्येही नव्हती.

८ फेब्रुवारी, शनिवार

घाबरण्यासारखं काही नाही. शाई ओली असताना वही मिटली की समोरच्या पानावर अक्षरं उमटतात, तसंच टेपचंही होतं. गुंडाळून ठेवलेल्या टेपचा एक वेढा शेजारच्या वेढ्यावर उमटतो. पुसणाऱ्यानं आवाज पुसला, पण त्याची सुरुवात शेजारच्या वेढ्यावर आधीच उमटली होती, आणि तो वेढा पुसायच्या भागाबाहेर होता. म्हणून बोलण्याच्या आधीच बोलणं ऐकू येतं. नव्या मुलांना हे मीच शिकवते.

तरी दिवसभर हेडफोनमध्ये तो एकच शब्द ऐकून घरी आले, तर मावशींनी हाक मारण्याआधी मला त्यांची हाक ऐकू आली. बारीक, लांबून. मी वळून ‘काय?’ म्हटलं, आणि मग त्यांनी हाक मारली.

कान थकले की असं होत असेल.

१० फेब्रुवारी, सोमवार

कुणी पुसलं, हा प्रश्न मी तीन दिवस टाळला. स्टुडिओची नोंदवही काढली. त्या महिन्यात तिथे मुद्रण करणारा माणूस एकच होता आणि यंत्राच्या खोलीची किल्लीही एकाकडेच असायची. मुद्रणानंतर साडेसहा आठवड्यांनी, दुपारी एक ते सव्वा, नोंद आहे: ‘दुरुस्ती. आठवी पट्टी.’ खाली बँकेनं परत पाठवावी अशी सही.

मी काय काय सबबी शोधल्या ते प्रामाणिकपणे लिहिते. चुकीचं बटण दाबलं गेलं असेल. बाईनं स्वतःच नको म्हटलं असेल. गायकालाच मौन हवं असेल. तिसरी सबब मला सगळ्यात आवडली, कारण तिच्यामुळे बाबा वाचतात आणि माझा निबंधही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बँडमधला एकच माणूस हयात आहे. ड्रमवाला. सगळे त्याला ठोक्या म्हणतात. आता तो गाडी शिकवण्याचा वर्ग चालवतो. कार्यक्रमांत भेटायचा म्हणून मी त्याला लहानपणापासून ठोक्याकाका म्हणते, पण तो कधीच आमच्या घरी आलेला नाही, हे आज त्याच्या दारात उभी राहिल्यावर माझ्या लक्षात आलं.

शिकाऊ गाडीत बसूनच बोललो, कारण कार्यालयात पोरं होती. तो ब्रेकवर पाय ठेवून बसला होता. सवयच असावी, गाडी बंदच होती. ते ठोके म्हणजे हृदयाचे ठोके, असं पुस्तकांत छापलंय, मी म्हटलं. तो म्हणाला, हृदय कसलं, तो नळ आहे. पाणी सोडल्यावर दीड दिवस बोगद्याच्या हवेच्या नळावर आतून कुणीतरी ठोकत होतं. तीन, मग दोन. तो आणि गायक तिथे उभे होते. “मी काही रचलं नाही गं. ऐकलं तेवढं वाजवलं.”

मग विरामाबद्दल विचारलं. तो आरशात मागचा रस्ता बघत म्हणाला,

“आम्ही गप्प बसलोच नव्हतो. रेकॉर्ड बाजारात आली तेव्हा आम्हाला कळलं की आपण तिथे गप्प बसलो. मग कार्यक्रमात बरोबर त्याच जागी गप्प बसायला शिकलो. लोक टाळ्या वाजवायचे.”

तिथे कोण बोललं होतं? यावर त्यानं मलाच एक भलतं काम सांगितलं. एकपासून नऊपर्यंत आकडे म्हण, म्हणाला. मला वाटलं, म्हातारपणी कान तपासून घेतोय. मी म्हटले. सातावर पोचले तर त्यानं हात वर करून थांबवलं आणि काच खाली केली.

“बाकीचं तुझ्या घरातच विचार,” तो म्हणाला. “आणि हे बघ, तुझा बाप वाईट माणूस नाही. मी त्याच्याशी बोलत नाही, ते वेगळं.”

१५ फेब्रुवारी, शनिवार

खोक्यात दुसरी एक टेप आहे. मी तिच्याकडे बघितलंच नव्हतं, कारण तिच्यावर बाबांनी लिहिलंय: ‘कोरी. वापरू नये.’

आज जेवताना अचानक खटकलं. त्या काळात टेप मिळत नसे. जुनं पुसून त्यावरच नवं भरत. कोरी टेप असेल तर ती दुसऱ्या दिवशी वापरात यायची. कोरी आणि तरी वापरू नये, म्हणजे काय?

नियमाप्रमाणे खोक्यातलं सगळं उतरवून घ्यावंच लागतं. भाजायच्या आधीच लावली, म्हणजे भाजल्यानं काही उमटलं असा संशय स्वतःवर नको. पहिली दोन मिनिटं नुसती सूसू. आवाज पूर्ण वाढवला. मग खूप खालून ड्रम आला, तीन आणि दोन, जणू भिंतीपलीकडे कुणी वाजवतंय. आणि त्यावर ती बाई बोलत होती. दोनदा. तीच बाई, तेच शब्द, पावणेदोन सेकंदांच्या अंतरानं स्वतःच्याच बोलण्यावर बोलत होती. एक आवाज जरा जवळचा, एक लांबचा. लांबचा आधी यायचा.

मी यंत्र बंद केलं, वर जाऊन लोक असलेल्या खोलीत बसले. सेहेचाळीस वर्षांची बाई मी, हिशेबनिसांच्या टेबलाशी बसून त्यांना उगाच सुट्ट्यांविषयी विचारत होते.

१७ फेब्रुवारी, सोमवार

कोऱ्या टेपवर तो आवाज कुणी मुद्दाम उमटवलाय असं माझ्या मनात आलं, ते खरं की मला तसं हवं आहे म्हणून, हे तपासायला हवं होतं. म्हणून करून बघितलं. माझ्या आवाजात टेलिफोन यादीचं एक पान भरलं. ती टेप आणि एक कोरी टेप एकावर एक धरून एकाच चाकावर गुंडाळल्या, एक वेढा हिचा, एक तिचा. रविवारभर कोमट भट्टीत ठेवल्या. आज सोडवून कोरी लावली.

उमटलं होतं. पुसट, दुहेरी, अगदी तसंच. कोऱ्या टेपच्या प्रत्येक वेढ्याला खाली एक शेजारी असतो, वर एक. दोन्हीकडून ऐकलेलं ती एकदम सांगते.

म्हणजे हे चुकून होत नाही. दोन टेपा एकत्र गुंडाळायला दोन हात, दोन चाकं आणि बराच धीर लागतो. नोंदवहीत पुन्हा बघितलं. मुद्रण आणि पुसणं यांच्या मधले साडेसहा आठवडे टेप कपाटात नव्हती, ‘अँप्लिफायरच्या वर’ होती. म्हणजे दिवसरात्र तापणाऱ्या पेटीवर. एखाद्या शिकाऊ पोरानं टेप तिथे ठेवली असती तर बाबांनी त्याला घरी पाठवलं असतं.

माझ्या वडिलांनी पुसलं. पुसण्याआधी त्यांनीच ते दुसरीकडे उमटवून घेतलं, आणि त्यावर ‘कोरी’ लिहून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पन्नास वर्षं ठेवलं. हे कळल्यावर मला बरं वाटायला हवं. वाटत नाही. जपलं होतं तर सांगितलं का नाही? बाकी सगळ्यांना नाही, निदान निबंध वाचल्यावर मला?

२० फेब्रुवारी, गुरुवार

तीन दिवस लागले. दोन आवाज एकमेकांवर सरकवून लांबचा वजा करत गेले. यंत्राला शब्द ‘सुधारू’ दिले नाहीत. ते यंत्र रिकाम्या जागी स्वतःच्या मनचं भरतं, आणि या कामात मनचं एक अक्षरही नको. जे कळलं तेवढंच.

ती बोगद्याच्या तोंडाशी हजेरी घेणारी कारकून होती. आत जाणारा माणूस आपला पितळी बिल्ला फळीवरच्या खिळ्याला अडकवायचा, बाहेर आला की काढून घ्यायचा. पाणी सोडलं तेव्हा फळीवर नऊ बिल्ले होते. दुसऱ्या दिवशी साहेबलोक फळी घेऊन गेले आणि परत आणली तेव्हा ती रिकामी होती. ती पाठ असलेले आकडे सांगते. बिल्ला चार, सफाईवाला. बिल्ला अकरा, त्याचा मेहुणा. बिल्ला सव्वीस, दिवेवाला. असे नऊ. सगळ्यांची नावं ती घेते. ती मी इथे लिहीत नाही. त्यांच्या घरच्यांना आधी कळायला हवीत.

यादी सत्तावीस सेकंदांत संपते. उरलेल्या सात सेकंदांत ती म्हणते, “झालं. नीट आलं का? माझ्या चपला कुठे ठेवल्यास?” आणि एक पुरुष हसतो. ते हसणं बाबांचं आहे. एवढं मोकळं मी ते कधी ऐकलं नाही.

एकेरीत बोलते. चपला कुठे ठेवल्या ते त्याला माहीत असतं. मला सरळ दिसतंय की हे दोघं एकमेकांच्या जवळचे होते, आणि तेव्हा आई बाबांच्या आयुष्यात यायची होती. तसं असेल तर असो. तरी आईच्या फोटोकडे बघून मला आज उगाच वाईट वाटलं.

एक विचित्र गोष्ट. मधे दोनदा मला शंका आली की माझाच आवाज कुठून तरी आत शिरलाय. सातचा आकडा म्हणताना ती जशी श्वास तोडते, तशी मी तोडते. परवाच्या चाचणीची टेप राहून गेली का, म्हणून सगळ्या जोडण्या तपासल्या. राहिली नव्हती. खूप दिवस एकच आवाज ऐकला की आपण त्याच्यासारखे बोलायला लागतो, असं काहीतरी असेल.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

बाबांना विचारलं. मावशींना लवकर घरी पाठवलं होतं. दुपारचं ऊन त्यांच्या खुर्चीवर आलं होतं. मी शेजारी बसून सांगितलं, की कोरी टेप मी ऐकली. नऊ बिल्ले, हजेरीवाली, सगळं.

ते संतापतील किंवा रडतील असं मला वाटलं होतं. ते घाबरले. डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि दाराकडे बघत हळू आवाजात म्हणाले, “पुसलंय. सांग त्यांना. पुसलंय.” कुणाला सांगू, मी विचारलं. तर तेच. “पुसलंय मी.”

मी म्हटलं, बाबा, आता विचारायला कुणी येणार नाही. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी भयंकर बोलले. मग त्यांचे ओठ हलायच्या आधीच मला ते ऐकू आलं. शपथेवर लिहिते, आधी ऐकू आलं आणि मग ते म्हणाले:

“धाकटी आली का?”

त्या घरात धाकटी एकच होती.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळीच ठोक्याकाकाकडे गेले. आत्याचं नाव घेतलं. तो म्हणाला, कळायला तुला इतकी वर्षं लागली, मला तुझे सात आकडे ऐकून घाम फुटला होता. तिचाच आवाज आहे तुझा.

मग त्यानं सांगितलं, आणि मी त्याच्याच शब्दांत लिहून ठेवते आहे. मुद्रणानंतर महिन्याभरात तिला कार्यालयातून चौकशीला नेलं. दोन आठवडे पत्ता नाही. मग एक अधिकारी स्टुडिओत आला. टोपी काढून, चहा घेऊन, अगदी घरच्यासारखा बसला. टेपवरचं ते बोलणं काढून टाक, म्हणाला, आणि कुठेही त्याची नक्कल राहता कामा नये. तसं झालं तर बहीण संध्याकाळपर्यंत घरी येईल. घराचा पत्ता आणि फोन नंबर स्वतः वहीत लिहून घेतला. बाबांनी त्याच्यासमोर पुसलं. दुपारी एक ते सव्वा.

त्या संध्याकाळी ती आली नाही.

काहीही झालं तरी पुसायचं नाही, असं बँडनं बाबांना मुद्रणाच्या वेळीच बजावलं होतं. रेकॉर्ड आल्यावर बाबांनी हे सगळं काकाला एकदाच सांगितलं, आणि तेव्हापासून बोलणं बंद. उमटवलेल्या टेपचं काकालाही माहीत नव्हतं. मी सांगितल्यावर त्यानं चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिला. शेवटी म्हणाला, “म्हणजे तो आपल्यालाच घाबरत होता, आपल्या तोंडून फुटेल म्हणून. नक्कल आहे हे कळलं तर ते तिला सोडणार नाहीत.”

घर का बदललं नाही, फोन का ठेवला, हे सगळं आज एका ओळीत बसलं आणि मला ते बसायला नको होतं. पन्नास वर्षं त्यांनी सौद्यातली आपली बाजू पाळली. समोरची बाजू पाळली जाईपर्यंत ते बोलणार नाहीत. आणि मी पुस्तिकेत ते छापलं, तर त्यांच्या लेखी सौदा मी मोडते. धाकटी येणं मी थांबवते.

२६ फेब्रुवारी, बुधवार

चार दिवस एक ओळ लिहिली नाही. साहेबांनी दोनदा विचारलं. एकदा मी सरळ खोटं बोलले, की कोऱ्या टेपमध्ये नुसती खरखर आहे.

मनात दोन्ही बाजू मांडून बघते. एका बाजूला नऊ घरं, ज्यांना सरकारी कागदानं सांगितलंय की तुमचा माणूस आत नव्हताच, पळून गेला असेल. दुसऱ्या बाजूला खुर्चीतला एक म्हातारा. तो आणखी किती दिवस आहे? तोवर थांबले तर? या विचाराची मला शरम वाटते, पण तो आला होता, म्हणून लिहिते.

आणि एक भीती, ती सगळ्यात खरी आहे. मी गप्प राहिले तर कारण चांगलंच असेल. त्यांचंही चांगलंच होतं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

त्यांना न विचारता छापायचं नाही, एवढं ठरवलं. विचारायचं म्हणजे आधी ऐकवायला हवं. यंत्र घरी आणलं, हेडफोन त्यांच्या कानावर ठेवले. मावशी दारात उभ्या राहिल्या. त्यांनाही मी सगळं सांगितलंय.

मला काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त त्यांचा चेहरा दिसत होता. बिल्ला चारपासून त्यांचे ओठ हलायला लागले. झटक्यानंतर ज्या माणसाला पाणी मागायला तीन वेळा सुरुवात करावी लागते, तो नऊच्या नऊ नावं न अडखळता म्हणत होता. नुसते ओठ, आवाज नाही. आणि तिच्या किंचित आधी. मी यंत्रावरच्या आवाजाच्या काट्याकडे बघत होते. प्रत्येक नाव ते तिच्याआधी म्हणत होते.

सात सेकंद संपल्यावर त्यांनी हेडफोन काढायचा प्रयत्न केला, मी मदत केली. मी सांगितलं, बाबा, हे मला छापायचंय. पण तुम्ही नाही म्हणालात तर नाही छापणार. त्यांना कळलं. सगळं कळत होतं, डोळे अगदी लख्ख होते.

“मी पुसलं,” ते म्हणाले. मग प्रत्येक शब्दाला थांबत, “मग. तिला. सोडलं का नाही?”

मी यंत्र बंद केलं. मावशींनी पाण्याचा पेला त्यांच्या हाताशी ठेवला. अर्ध्या तासानं त्यांनी डाव्या हातानं ती टेप चाकासकट उचलली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

९ मार्च, रविवार

या आठवड्यात काका आणि मी सात घरं शोधली. दोन सापडली नाहीत. दिवेवाल्याची मुलगी साठीची आहे. वडील दुसरं लग्न करून पळाले, असं आई मरेपर्यंत तिच्या कानी घालत होती. तिनं नाव ऐकलं आणि विचारलं की आणखी एकदा लावता का. आम्ही सहा वेळा लावलं. गाणं तिला लहानपणापासून पाठ होतं. लग्नात वाजवलं होतं, म्हणाली.

साहेबांना सगळी टेप ऐकवली. ते आधी वकिलांशी बोलले, मग मला म्हणाले की त्या सत्तावीस सेकंदांना हात लावायचा नाही, लोक तेच विकत घेतात. कोरी टेप शेवटी जोडू, जशी आहे तशी. आणि अर्थावर जे लिहाल ते तुमच्या सहीनं. मला वाटलं होतं त्यापेक्षा हे खूप जास्त आहे. मी लिहिलं. पहिलं वाक्य असं: ‘हे गाणं कुणाच्याही अंतरातल्या पोकळीचं नाही. आत नऊ जण होते.’ निबंधाबद्दलही लिहिलं, बक्षिसासकट.

राहिली श्रेयनामावली. ती आज बाबांना वाचून दाखवली. यादीचं वाचन, पुढे आत्याचं नाव. छापखान्याच्या नियमाप्रमाणे हयात नसलेल्यांच्या नावाआधी ‘दिवंगत’ लागतं. तिथे काय लिहू, मी विचारलं. ते कागदाकडे इतका वेळ बघत राहिले की मला वाटलं विसरले. मग मान हलवली. नको. मी नाही लिहिलं.

त्याखाली त्यांची ओळ होती: ध्वनिमुद्रण आणि कोऱ्या टेपचं जतन. ती मी दोन दिवस मनात घोळवून लिहिली होती, मला ती सुंदर वाटत होती. त्यांनी डाव्या हाताचं बोट त्या ओळीवर, ‘ध्वनिमुद्रण’ आणि ‘जतन’ यांच्या मधोमध ठेवलं.

“पुसलं ते?”

मी म्हटलं, ते कशाला हवं, बाबा. तुमच्याकडून करून घेतलं ते. लोकांना त्यातलं काय कळणार, उगाच नाव खराब होईल. आणखीही बरंच बोलले, चांगलंच बोलले असेन. ते ऐकत होते, पण बोट तिथून हललं नाही. शेवटी मी गप्प झाले आणि त्या बोटाखालच्या कोऱ्या जागेकडे बघितलं. ती मीच केली होती. नीट, दोन्ही बाजूंनी, इतकी सफाईनं की टिच्चही ऐकू येऊ नये.

पेन घेतलं. त्यांच्या बोटाच्या कडेनं लिहिलं: ध्वनिमुद्रण, पुसणं आणि जतन.

मग त्यांनी बोट उचललं.